रस्ता किती तास तुंबतो?

टॉमटॉम ही नेदरलँड्समधली नकाशे बनवणारी कंपनी दरवर्षी जगातल्या शहरांची वाहतुकीनुसार क्रमवारी लावते, आणि ती जाहीर झाली की आपल्याकडे दोन दिवस तिच्याच बातम्या चालतात. 2018 सालच्या यादीत मुंबई जगात पहिली होती. 2024 सालच्या यादीत कोलकाता दुसरं, बंगळूर तिसरं आणि पुणे चौथं आलं. मुंबई पहिल्या तिसांतही नव्हती. मधल्या सहा वर्षांत मुंबईचे रस्ते मोकळे झाले, असं कुणी मुंबईकर शपथेवर सांगणार नाही. बदलली ती मुख्यतः मोजपट्टी. आधीच्या यादीचा प्रश्न होता, रस्ता मोकळा असता तर लागला असता त्यापेक्षा किती टक्के जास्त वेळ लागतो? त्याचं मुंबईचं उत्तर होतं 65 टक्के. नंतरच्या यादीने विचारलं, दहा किलोमीटर जायला सरासरी किती वेळ लागतो? पुण्याचं उत्तर आलं 33 मिनिटं 22 सेकंद. 2024 ची आकडेवारी घेऊन जुनाच प्रश्न विचारला असता, तर 52 टक्क्यांसह मेक्सिको सिटी वर गेली असती आणि 34 टक्क्यांचं पुणे बरंच खाली घसरलं असतं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या माहितीवरून, पुणे जगातल्या सगळ्यात वाईट शहरांपैकी एकही ठरतं आणि मधल्या फळीतलंही ठरतं. गंमत अशी की या दोन्ही प्रश्नांत शहरातल्या माणसाचा रोजचा प्रश्न येतच नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की किती वाजायच्या आत निघालं तर सुटका आहे आणि संध्याकाळी किती वाजल्यानंतर रस्ता पुन्हा चालू लागतो. हा प्रश्न वेगाचा नाही, तासांचा आहे. माझं म्हणणं असं की वाहतुकीची अवस्था जाणून घ्यायची तर आधी तासच मोजायला हवेत, आणि ते मोजणं वाटतं तितकं सरळ नाही.

आधी संथपणा आणि कोंडी यांची फारकत करायला हवी, कारण बहुतेक चर्चा या दोघांची गल्लत करून सुरू होते. प्रोत्तोय अकबर, व्हिक्टर कुटूर, जिल ड्युरँटन आणि ॲडम स्टोरीगार्ड या चार अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या 154 शहरांचा अभ्यास केला. गूगल मॅप्सला त्यांनी वेगवेगळ्या वेळी दोन कोटींहून अधिक काल्पनिक प्रवासांचे वेळ विचारले आणि त्यातून प्रत्येक शहराचा वेग काढला. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध होता. भारतीय शहरांच्या वेगात जो फरक आहे, तो मुख्यतः गर्दीमुळे नाही. संथ शहरं रात्री, रस्ता मोकळा असतानाही संथच असतात. अरुंद रस्ते, धड नसलेलं जाळं, चढउतार, रस्त्याला खेटून असलेली दुकानं यांनी वेग मुळातच खाली आणलेला असतो, गर्दी त्यावर थोडी भर घालते. याच चौघांनी पुढे 152 देशांतल्या बाराशेहून अधिक शहरांकडे नजर वळवली, तेव्हा सगळ्यात संथ शहर ठरलं ढाका, पण सगळ्यात कोंडलेलं ठरलं कोलंबियातलं बोगोटा. संथ वीस शहरांत आपली भिवंडी होती, मुंबईही होती. आता भिवंडीच्या रस्त्यावर पहाटे चारलाही गाडी रेंगाळत असेल, तर त्याला कोंडी म्हणायचं का? हो म्हटलं तर कोंडी चोवीस तासांची होते आणि नाही म्हटलं तर जवळजवळ शून्य. दोन्ही उत्तरं आकड्यांत बसतात, आणि दोन्ही उत्तरांवरून केलेले उपाय वेगळे असतात. मुळात संथ असलेल्या रस्त्याला फुटपाथ, वळणं, गटारांची झाकणं, माल उतरवायच्या जागा यांची डागडुजी लागते. ठरावीक तासांना तुंबणाऱ्या रस्त्यासाठी विचार करावा लागतो तो त्या तासांचा.

तास मोजण्यामागचं खरं कारण मात्र सोयीपेक्षा खोल आहे. डॉक्टर ताप किती चढला हे जसं विचारतात तसं किती दिवस राहिला हेही विचारतात, आणि दुसऱ्या उत्तराला अनेकदा जास्त वजन देतात. वाहतुकीत हे वजन का द्यावं ते विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1969 साली एका साध्या गणितातून दाखवलं. (विक्रींना 1996 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले, परिषदेला गाडीने जात असताना.) समजा, एका पुलावरून तासाला 2000 गाड्या जाऊ शकतात आणि सकाळी पलीकडे जायचंय 7000 गाड्यांना. प्रत्येकाला नऊच्या सुमारास पोचायचंय, पण सगळे नऊला पोचू शकत नाहीत हे उघड आहे. मग काही जण साडेसहालाच निघतात, काही उशिराचा लेटमार्क पत्करतात, बाकीचे रांगेत उभे राहतात. कुणी कितीही हुशारीने वेळ साधली तरी या पुलावरची गर्दी साडेतीन तासांच्या आत उरकत नाही, कारण 7000 भागिले 2000 म्हणजे साडेतीन. गर्दी किती तास टिकते हे त्या रस्त्यावर जाऊ पाहणारी माणसं आणि रस्त्याची ताकद यांचं सरळ गुणोत्तर आहे. नऊ वाजता पुलावर वेग किती आहे, या आकड्यात असं काही सरळ सापडत नाही, कारण तो आकडा माणसांच्या सोसण्याच्या तयारीवर येऊन थांबतो. रांग फारच वाढली की काही जण लवकर निघतात, काही दुसरी वाट धरतात, काही लोकल पकडतात. कमी झाली की परत येतात. ऐन गर्दीचा वेग असा स्वतःच स्वतःला एका पातळीवर धरून ठेवतो. ताण बाहेर पडतो तो घड्याळात.

अँथनी डाउन्स यांनी याच वागण्यावरून 1992 मध्ये मांडलेली कल्पना रस्ते बांधणाऱ्या प्रत्येक खात्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे. रस्ता रुंद केला की त्यावर तीन बाजूंनी माणसं येतात. जी आधी लवकर किंवा उशिरा निघत होती ती आता सोयीच्या वेळी निघतात, जी गल्ल्यांतून जात होती ती मुख्य रस्त्यावर येतात, आणि जी बसने किंवा रेल्वेने जात होती त्यांच्यातली काही गाडी काढतात. परिणामी थोड्याच काळात नऊ वाजताचा वेग पूर्वीच्याच पातळीला येतो. मग वृत्तपत्रांत मथळे येतात की इतके कोटी खर्चून कोंडी जैसे थे. नऊ वाजता मोजलं तर ते खरंच असतं. पण सात वाजता आणि सव्वादहाला मोजलं तर बहुधा फरक दिसतो, कारण ऐन गर्दीचा काळ आक्रसलेला असतो आणि त्या आक्रसलेल्या काळात पूर्वीपेक्षा जास्त माणसं आपल्या सोयीच्या वेळी पलीकडे पोचलेली असतात. नव्या रस्त्याचा फायदा वेगात मोजला तर शून्य येतो, तासांत मोजला तर दिसतो. यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखवून दिलं, की महामार्गांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते जवळजवळ तितक्याच प्रमाणात त्यांवरचा प्रवासही वाढतो. म्हणजे आक्रसलेले तासही काही वर्षांत पुन्हा पसरणारच. मान्य, पण किती वर्षांत? तीन वर्षांत की पंधरा? उड्डाणपूल बांधावा की त्याच पैशात बसगाड्या घ्याव्यात, याचा निवाडा त्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा फक्त तास मोजणाऱ्यालाच मिळू शकतो. ऐन गर्दीचा वेग मोजणाऱ्याला पहिल्याच वर्षी वाटतं की काही झालंच नाही.

आता अवघड भाग. तास मोजायचे म्हणजे कोंडी सुरू कधी झाली आणि संपली कधी, हे ठरवायचं. त्यासाठी एक उंबरठा लागतो, आणि तो कुठे ठेवायचा यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या तीन सरकारी व्याख्या शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसतं. ताशी 97 किलोमीटर, म्हणजे त्यांचे 60 मैल, वेगाचा एक रस्ता घेऊ. केंद्राच्या महामार्ग प्रशासनाच्या शहरी कोंडी अहवालाप्रमाणे मोकळ्या वेगाच्या 90 टक्क्यांखाली गाडी गेली की रस्ता कोंडलेला; म्हणजे 87 च्या खाली. वॉशिंग्टन राज्याचं वाहतूक खातं ही रेषा नेमून दिलेल्या वेगाच्या 75 टक्क्यांवर ठेवतं, म्हणजे सुमारे 72 वर. कॅलिफोर्नियाच्या खात्याने अनेक वर्षं वापरलेली व्याख्या सगळ्यात कडक होती. वेग ताशी 35 मैलांवर, म्हणजे सुमारे 56 किलोमीटरवर किंवा त्याखाली आला पाहिजे, आणि तसा किमान पंधरा मिनिटं राहिला पाहिजे. एकाच रस्त्यावर एकाच सकाळी या तीन व्याख्या लावल्या तर पहिली कदाचित चार तास सांगेल आणि तिसरी दीड. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. पण यातली पहिली व्याख्या मला फारशी पटत नाही. ताशी 85 किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला कोंडीग्रस्त म्हणणं म्हणजे रिकामा रस्ता हा आपला जन्मसिद्ध हक्क समजणं. रिकामा रस्ता हा मुळात फुकट गेलेला रस्ता असतो.

हे सैद्धांतिक वाटेल, पण त्यामागे जुनी मोजणी आहे. ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी 1930 च्या दशकात ओहायोमधल्या रस्त्यांवर कॅमेरा लावून गाड्यांचा वेग आणि त्यांची दाटी यांचा संबंध काढला. रस्त्यावर गाडी एकटी असते तेव्हा वेग सगळ्यात जास्त, पण तासाला जाणाऱ्या गाड्या अगदी थोड्या. दाटी वाढते तसा वेग उतरतो, तरी एका मर्यादेपर्यंत तासाला पार होणाऱ्या गाड्यांची संख्या वाढतच जाते. त्या शिखरानंतर मात्र दोन्ही गोष्टी एकत्र कोसळतात. वेगही जातो आणि पार होणाऱ्या गाड्याही कमी होतात. रस्त्याचं खरं नुकसान या शिखरापलीकडे सुरू होतं. वॉशिंग्टन राज्याने 75 टक्क्यांची रेषा ठेवली ती याच हिशोबाने, कारण त्यांच्या महामार्गांवर सर्वाधिक गाड्या नेमलेल्या वेगाच्या साधारण 70 ते 85 टक्क्यांवर पार होतात. सिंगापूरने तर हा विचार पथकरातच बसवला. तिथे 1998 पासून चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पथकराचे दर वेग पाहून बदलले जातात. जलदगती मार्गांवर ताशी 45 ते 65 आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर 20 ते 30 किलोमीटर हा हवा तो पट्टा. वेग त्याखाली गेला की कर वाढतो, आणि पट्ट्याच्या वर गेला तर कर कमी होतो, म्हणजे रस्ता फार मोकळा वाटला तर आणखी गाड्यांना बोलावलं जातं. आपल्याकडे वेगवान रस्त्याचं एवढं कौतुक आहे की वेग जास्त झाला म्हणून कर उतरवणारं सरकार विचित्रच वाटेल. पण रस्ता ही महागडी सार्वजनिक मालमत्ता आहे असं धरलं तर तेच शहाणपणाचं आहे.

मग पुणे-मुंबईसाठी उंबरठा कुठे ठेवायचा? इथे परदेशी रेषा जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपल्या रस्त्यांवर लेन हा प्रकार कागदावर असतो. दुचाकी मोटारींच्या फटींतून पुढे सरकतात, रिक्षा मध्येच वळते, टेम्पो डबल पार्किंग करून माल उतरवतो. म्हणूनच भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शक तत्त्वांत गाड्या मोजताना प्रत्येकीला मोटारीच्या हिशोबात वजन दिलेलं आहे, आणि तेही स्थिर नाही. रहदारीत दुचाकींचं प्रमाण थोडं असेल तर एक दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, प्रमाण वाढलं की पाऊण. टांग्याला आणि हातगाडीलाही वजन आहे. हातगाडीचं वजन दोन-तीन मोटारींइतकं. वाचून हसू येतं, पण तुळशीबागेच्या आसपास एका हातगाडीमागे किती गाड्या अडतात ते पाहिलं की आकडा बरोबर वाटतो. अशा मिश्र रहदारीत अमेरिकी महामार्गासारखा कोसळण्याचा एकच ठळक क्षण येत नाही. मोटारी थांबलेल्या असतात तेव्हाही दुचाकी चाललेल्या असतात, रस्ता हळूहळू गच्च होत जातो. त्यातच सिग्नल. शहरातल्या रस्त्याची ताकद बहुतेक वेळा दोन चौकांमधल्या रुंदीने ठरत नाही, चौकातल्या हिरव्या दिव्याच्या सेकंदांनी ठरते. तेव्हा आपल्याकडे उंबरठा रस्त्यागणिक ठरवावा लागेल. त्या रस्त्यावर तासाला सर्वाधिक माणसं ज्या वेगाला पार होतात तो वेग शोधायचा, त्याखाली सलग पंधरा मिनिटं गेली की कोंडी सुरू झाली असं धरायचं. पंधरा मिनिटांची अट आवश्यक आहे, नाहीतर प्रत्येक लाल दिवा कोंडीत धरला जाईल. शिवाय दिशा वेगळ्या मोजायच्या. मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे ओघ असतो. दोन्ही बाजूंची सरासरी काढली की दोन्ही खऱ्या गोष्टी पुसल्या जातात.

एकाच रस्त्याचे तास मोजून भागत नाही, हे जकार्ताने शिकवलं. तिथे सुदिरमान आणि थामरिन या मुख्य रस्त्यांवर ठरावीक वेळात तीन माणसं असल्याशिवाय मोटार नेता येत नसे. लोकांनी यावर तोडगा काढला होता. रस्त्याच्या कडेला काही गरीब माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बायका, पैसे घेऊन गाडीत बसायला उभ्या राहत, म्हणजे तिघांचा आकडा पुरा होई. हा नियम निव्वळ नाटक झालाय असं वाटून 2016 मध्ये तो उठवण्यात आला. रेमा हॅना, गेब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्कन यांनी त्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत गूगल मॅप्सवरून सतत वेग नोंदवले होते. नियम गेल्यावर संध्याकाळी किलोमीटरमागचा विलंब 2.8 मिनिटांवरून 5.3 मिनिटांवर गेला, सकाळचा 2.1 वरून 3.1 वर. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ज्या वेळात हा नियम कधी लागूच नव्हता त्या वेळातही, आणि ज्या रस्त्यांवर तो कधीच नव्हता त्या रस्त्यांवरही कोंडी वाढली. नियम असलेल्या रस्त्यांवर फक्त नियमाच्या वेळात मोजणी केली असती, तर नुकसानीचा मोठा भाग हिशोबाबाहेर राहिला असता. ज्याला आपण नाटक समजत होतो तो नियम शहराचे कितीतरी तास वाचवत होता.

तास मोजण्यावरचे दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला हा की तास सगळे सारखे नसतात. तीन तास रखडत चाललेली वाहतूक आणि एक तास जागच्या जागी ठप्प झालेली वाहतूक यांत कुठली वाईट? निव्वळ तास मोजणारा पहिलीला वाईट म्हणेल आणि ठप्प झालेल्या तासात ॲम्ब्युलन्समध्ये असलेल्या माणसाला ते पटणार नाही. यावर नेहमीचं उत्तर म्हणजे सगळ्यांचा वाया गेलेला वेळ बेरजेने मोजावा. टेक्सासमधली वाहतूक संशोधन संस्था तसंच करते. तिच्या हिशोबात 2019 मध्ये अमेरिकेतला रोज कामाला जाणारा माणूस वर्षाला 54 तास कोंडीत घालवत होता, 2020 च्या टाळेबंदीत ते 27 वर आले. पण ही बेरीज मोकळ्या वेगापासून सुरू होते, आणि तिची खोच अशी की जिथे घर आणि ऑफिस जवळ असतात त्या दाट शहराला ती शिक्षा करते, आणि जिथे रोज चाळीस किलोमीटर वेगाने गाडी मारावी लागते त्या पसरट शहराची पाठ थोपटते. त्यापेक्षा दोन उंबरठे ठेवणं मला व्यवहार्य वाटतं, एक रखडण्याचा आणि एक ठप्प होण्याचा, आणि दोन्हींचे तास वेगळे छापावेत. वॉशिंग्टन राज्यात तीव्र कोंडीची दुसरी रेषा आहेच, 60 टक्क्यांवर. दुसरा आक्षेप हा की तास रस्त्याचे मोजले जातात, माणसांचे नाही. पुण्यात पीएमपीएमएलच्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं उभी अडकलेली असतात आणि शेजारच्या मोटारीत एक. हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे बचाव नाही, दुरुस्ती आहे. कोंडीच्या तासांना त्या वेळी रस्त्यावर असलेल्या माणसांनी गुणावं. बसची वेगळी मार्गिका असेल तर तिचे तास स्वतंत्र दाखवावेत, म्हणजे मोटारीच्या तासांत वाढ होऊनही शहराच्या तासांत घट होऊ शकते हे दिसेल. असं न करता मोजलं तर बससाठी रस्ता राखणारं प्रत्येक शहर कागदावर बिघडलेलं दिसेल.

एक जमात मात्र कुठल्याच यादीत येत नाही. गर्दी टाळण्यासाठी पहाटे साडेपाचला घर सोडणारा, किंवा संध्याकाळी रस्ता सुटेपर्यंत ऑफिसातच बसून राहणारा. त्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर मस्त वेगाने जाते, म्हणून कोंडीच्या हिशोबात त्याचं नुकसान शून्य. विक्रींच्या गणितात मात्र ही किंमत रांगेतल्या वेळेइतकीच खरी आहे. कोंडीचे तास जितके लांबतात तितकी अशी माणसं वाढतात, म्हणून तासांचा आकडा त्यांच्या मुकाट सोसण्याचा ढोबळ अंदाज देतो. इथे आपल्याकडचा एक लाडका उपायही तपासता येतो. हिंजवडी असो वा अंधेरी, दर काही महिन्यांनी कुणीतरी सुचवतं की ऑफिसांच्या वेळा पुढेमागे कराव्यात म्हणजे गर्दी विखुरली जाईल. क्राइंडलर यांनी बंगळूरमध्ये मोबाइल ॲप वापरून एक प्रयोग केला, ज्यात गर्दीच्या वेळी निघण्याची किंमत लोकांना खरोखर मोजावी लागत होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की लोक निघण्याची वेळ थोडीफार बदलतात, पण त्यातून शहराला होणारा फायदा फार मोठा नसतो, कारण बंगळूरमध्ये गाड्या वाढतात तसा विलंब सरळ रेषेत वाढतो. वाहतूक अचानक कोसळत नाही. नऊचा माणूस दहाला गेला तर नऊचा भार जितका हलका होतो जवळपास तितकाच दहाचा वाढतो. एखाद्या पुलावर, जिथे रांग खरोखर लागते, तिथे वेळा बदलून उपयोग होईलही. पण जिथे शहरच मिश्र रहदारीने दिवसभर गच्च आहे तिथे वेळा पसरवणं म्हणजे कोंडीचे तास पसरवणं. कुठला रस्ता पहिल्या प्रकारचा आणि कुठला दुसऱ्या, हे तासांचा आलेख काढल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायचं कशाने, हा प्रश्न आता सोपा झालाय असं वाटतं, कारण प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पूर्वी रस्त्यात तारांची वेटोळी पुरावी लागत किंवा घड्याळ घेऊन एक मोटार पुन्हा पुन्हा पाठवावी लागे. फोनने ते काम फुकटात केलं, पण फोनला गाडी कळत नाही. 2020 मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये एका हातगाडीत 99 चालू फोन टाकले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. गूगलच्या नकाशावर तो रस्ता लाल झाला. आपल्याकडे याच्या उलट गडबड होण्याची शक्यता जास्त आहे. रस्ता ठप्प असतानाही फटींतून निघालेल्या दुचाकींचे फोन चांगला वेग दाखवतील आणि बसमधले फोन वेगळंच काही. वाहनांचे प्रकार वेगळे काढल्याशिवाय दिलेला वेग हा कुणाचाच वेग नसतो. शिवाय कंपनी आपली पद्धत कधीही बदलू शकते, आणि मुंबई पहिल्या क्रमांकावरून तिसाव्यापलीकडे गेली ती मुख्यतः तशीच. कायमची मोजणी हवी असेल तर ती महापालिकेच्या किंवा वाहतूक पोलिसांच्या हातात, व्याख्या जाहीर करून, वर्षानुवर्षं न बदलता झाली पाहिजे. कंपन्यांचे आकडे ताडून पाहायला वापरावेत.

आणि सरासरी नको. वर्षाच्या सरासरीत जुलैचा मुसळधार पाऊस, गणपतीचे दहा दिवस आणि मे महिन्यातली शांत सकाळ एकत्र कालवली जाते. वॉशिंग्टन राज्याच्या अहवालातले छोटे आलेख इथे अनुकरणीय आहेत. आडव्या रेषेवर दिवसाचे तास, उभ्या रेषेवर त्या वेळी रस्ता तीव्र कोंडीत असलेल्या कामाच्या दिवसांची टक्केवारी. त्यावरून सांगता येतं, की सव्वाआठला निघालो तर दहापैकी सात दिवस अडकणार, साडेसातला निघालो तर दोनच दिवस. रोज ठरलेल्या वेळी पोचायचं असणाऱ्याला सरासरीपेक्षा हेच उपयोगी. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला, आणि नव्या उड्डाणपुलांचं उद्घाटन 12 ऑगस्ट 2023 ला झालं. तिथल्या प्रत्येक दिशेसाठी असा एक आलेख काढावा. पूल पाडण्याआधीची एक रेघ, उद्घाटनानंतरची दुसरी, आणि मग दर ऑगस्टला आणखी एक. पहिल्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या कामाने वाचवलेले तास. ते अंतर किती वर्षांत बुजत जातं, हे पुढच्या उड्डाणपुलाची निविदा काढणाऱ्यांना आधीच पाहता येईल.